आठ बैठकांचा उपचार

"जास्तीत जास्त आठ बैठका," असं दवाखान्यात पहिल्याच दिवशी सांगितलं म्हणून मी नैराश्यावरचा हा बोलण्याचा उपचार घ्यायला गेलो. वर्षानुवर्षं कुणापुढं तरी बसून लहानपण उकरायचं असतं तर मी लातूरची एसटी धरलीच नसती, आणि मालकांनीही तेवढी सुट्टी दिली नसती. सहा बैठका, लागल्याच तर आठ, आठवड्याला एक, अर्ध्या-पाऊण तासाची, मग बंद. हा हिशोब मला समजला.

मी उदगीरच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम आहे. शेतकऱ्याच्या मालाचा काटा झाला की हमाली, तोलाई कापून पट्टी करायची, पैसे द्यायचे, संध्याकाळी रोजकीर्द मिळवायची. तूर, सोयाबीन, हरभरा, मूग, उडीद, हंगामाप्रमाणं माल बदलतो, काम तेच. वय पन्नाशीच्या अलीकडं. मधल्या काळात वडील वारले, भावाभावांत वाटणी झाली, मुलगा पुण्याला नोकरीला गेला. "नेमकं कशामुळं झालं?" असं लोक विचारतात. काय सांगणार? वडील सगळ्यांचेच जातात, वाटण्या घरोघर होतात. शेजारच्या आडतीवरच्या माणसावर माझ्याहून मोठं कर्ज होतं आणि तो दिवसभर विनोद सांगायचा.

संक्रांतीनंतर पहाटे तीनला जाग यायला लागली. भूक मेली. एकच बेरीज तीन-चारदा करायची आणि तरी ती चुकली असेल अशी धास्ती. संध्याकाळी हरिपाठाला जाणं सुटलं. छातीत जड वाटतं म्हणून गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, साखर, थायरॉइड, बी-12 तपासलं. ते तपासणं वाया गेलं असं मी म्हणणार नाही. थायरॉइड कमी असलं तरी माणूस असाच मलूल पडतो, त्यामुळं ते आधी बघावंच लागतं. रिपोर्ट सगळे नॉर्मल आले. घरचे खूश झाले, मी मात्र आणखी घाबरलो. काही निघालं असतं तर गोळ्या तरी सुरू झाल्या असत्या. मधेच बायकोनं एका भगताकडून उतारा करून घेतला, नारळ-लिंबू-एकशे एक रुपये. त्यावर जास्त लिहीत नाही, तिला बिचारीला दुसरं काय सुचणार होतं?

शेवटी त्याच डॉक्टरांनी लातूरच्या एका सरकारी दवाखान्यातल्या मनोविकार ओपीडीची चिठ्ठी दिली. लातूरला ओळखीचं कोण भेटणार, या भरवशावर निघालो. बाकावर बसलो तर शेजारी आमच्याच मोंढ्यातला एका खरेदीदाराचा माणूस. दोघांनीही मान वळवली आणि समोरच्या भिंतीवरचं क्षयरोगाचं पोस्टर फार मन लावून वाचलं.

आत आधी एक छापील कागद भरून घेतला. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल. कशात रस वाटत नाही का, उदास वाटतं का, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा फार तगमग होणं. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण 27. दहा किंवा त्यावर गेलं की डॉक्टर लक्ष घालतात, पंधरापासून पुढं म्हणजे चांगलंच जड. माझे 17 आले. प्रश्न वाचून दाखवणाऱ्या समुपदेशक मॅडम वयानं माझ्या पुतणीएवढ्या. मला "काका" म्हणायच्या.

नववा प्रश्न मरण्याच्या विचारांचा असतो. तो त्यांनी बाकीच्या प्रश्नांच्याच सुरात विचारला. आवाज खाली आणला नाही, नजरही चोरली नाही. मी म्हणालो, "स्वतःहून काही करावं असं नाही, पण रात्री झोपलो आणि सकाळी उठलोच नाही तर बरं होईल असं वाटतं." त्यांनी लिहून घेतलं आणि पुढचं विचारलं, "घरात फवारणीचं औषध ठेवलेलं आहे का?" होतं. दोन एकर शेत आहे म्हटल्यावर कुठल्या घरात नसतं? माळवदाच्या खोलीत, बियाण्याच्या पिशव्यांमागं. "आज घरी गेल्यावर ते भावाकडं ठेवायला सांगा. तुम्ही हात लावू नका, काकूंना सांगा." शिवाय 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर मोबाइलमध्ये माझ्याच हातानं घालायला लावला. चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. असं थेट विचारल्यानं माणसाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो अशी आपल्याकडं समजूत आहे. माझ्या बाबतीत तर उलटच झालं. चार महिने एकट्यानं वागवलेली गोष्ट कुणीतरी न दचकता ऐकून घेतली, तेवढ्यानंच परतीच्या एसटीत डोळा लागला.

मग मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांनी बघितलं. गोळी, बोलण्याचा उपचार, किंवा दोन्ही, असे तीन रस्ते सांगितले. मी गोळीला कचरत होतो. ते म्हणाले, "ठीक आहे. बैठका सुरू करा, दर वेळी हाच कागद भरायचा. चार-पाच आठवड्यांत गुण उतरले नाहीत तर गोळी घ्यायची, तेव्हा कुरकुर नको." सौदा झाला.

आता मी पडलो मुनीम. मॅडमना पहिल्याच बैठकीत विचारलं, "नुसतं बोलून शंभरातल्या किती जणांना गुण येतो?" त्यांना हसू आलं, पण उत्तर टाळलं नाही. गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या 'संगत' संस्थेनं एक अभ्यास केला, तो 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रं, 495 रुग्ण, सगळे माझ्यासारखे, कागदावर पंधरा किंवा वर गुण आलेले. अर्ध्यांना नेहमीचे उपचार, अर्ध्यांना त्यासोबत सहा ते आठ बैठका. बैठका घेणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राची पदवी घेतलेलेही नव्हते. गावातलीच शिकलीसवरलेली माणसं, नीट शिकवून तयार केलेली. तीन महिन्यांनी बैठकावाल्यांतले 64 टक्के लोक दहाच्या खाली आले होते. नुसत्या नेहमीच्या उपचारांत 39 टक्के.

मी मनात वजाबाकी केली. म्हणजे बैठकांची कमाई पंचवीसची. एकोणचाळीस जण तसेही सावरले असते. आणि बैठका घेऊनही छत्तीस जण तिथंच राहिले. हे मी बोलून दाखवलं तर मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे. म्हणून तर कागद दर वेळी भरायचा." मला हा उपचार तिथं पटला. 'नक्की बरे व्हाल' असं सांगणारे मला संक्रांतीपासून बरेच भेटले होते, भगतासकट. पुढं वाचनात आलं की जगभरच्या अशा अभ्यासांची गोळाबेरीज 2021 मध्ये झाली, तिच्यात बोलण्याच्या उपचारानं साधारण 41 टक्के लोकांचा त्रास निम्म्यावर आला होता, नेहमीच्या उपचारात 17 टक्के. जादू नाही, पण खोटंही नाही.

आणि बोलणं म्हणावं तर तसं फार नव्हतंच. मला वाटलं होतं, मन मोकळं करायला सांगतील, मी रडेन. पहिलं काम दिलं ते वहीचं. दिवसाचे दोन-दोन तासांचे रकाने, त्यात काय केलं ते, आणि पुढं मनाला शून्य ते दहा गुण. मी म्हणालो, "ही तर रोजकीर्द झाली." त्या म्हणाल्या, "मग तुम्हाला शिकवायला नको." आठवडाभर प्रामाणिकपणे लिहिलं. वही उघडून त्यांनी माझ्याकडंच सरकवली, "तुम्हीच खतवा." रविवार, दिवसभर खाटेवर: एक, एक, शून्य, एक. मंगळवार, सौदा झाल्यावर हमालांबरोबर चहा: चार. बुधवारी एका म्हाताऱ्याची पट्टी चुकलेली, ती शोधून त्याचे राहिलेले पैसे दिले: पाच. सगळे मला "आराम करा, आराम करा" म्हणत होते आणि माझ्याच हातच्या अक्षरात दिसत होतं की आरामाचे रकानेच सगळ्यात खाली आहेत. हे मला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी वाद घातला असता.

उपचाराची मुख्य चावी एवढीच. उदास माणूस हळूहळू एकेक काम सोडतो, कारण त्यात गोडी उरत नाही. काम सुटलं की त्यातून मिळणारं थोडंफार समाधान, चार माणसांचं तोंड बघणं, तेही सुटतं आणि मन आणखी खाली जातं. मन बरं होण्याची वाट न बघता आधी थोडं थोडं काम सुरू करायचं, मन मागून येतं. अ‍ॅरन बेक या अमेरिकन डॉक्टरांनी 1960 च्या दशकात उदासीनतेतले चुकीचे विचार तपासण्याची पद्धत बसवली, ती सगळ्यांना माहीत झाली. पुढं 1996 मध्ये नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या पद्धतीचे भाग सुटे करून बघितले, तर नुसता कामाला लावण्याचा भागही पूर्ण उपचाराइतकाच गुण देत होता. गोव्याच्या बैठका याच धर्तीच्या. शिकवायला सोप्या, त्यामुळं आरोग्य केंद्रातही चालतात.

तर माझं सुटलेलं काय काय, याची यादी झाली. हरिपाठ, शेतातली चक्कर, बहिणीला फोन. पहिल्यांदा हरिपाठ घेतला. मी अडलो. "मन लागत नसताना देवापुढं बसायचं म्हणजे ढोंग होईल." मॅडम म्हणाल्या, "म्हणू नका. टाळ पण घेऊ नका. नुसतं मागं बसायचं, पंधरा मिनिटं झाली की उठून यायचं." किती वाजता, कुठल्या दिवशी, पाऊस आला तर काय, हे सगळं वहीत लिहून घेतलं. 'जमलं तर जाईन' असं त्या लिहूच देत नसत.

गेलो. काही वाटलं नाही. गुण दोन. दुसऱ्या दिवशीही दोन. लोकांनी "कुठं होता इतके दिस?" विचारलं तेव्हा तर उठून पळावंसं वाटलं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला एक नवीन पोरगं टाळ धरून बसलं होतं, लय सोडून वाजवायचं. मला राग आला. चांगलाच आला. उठून त्याच्या हातातले टाळ घेतले आणि दाखवलं कसं धरायचं. घरी येऊन वहीत सहा लिहिले आणि मग लक्षात आलं की कितीतरी महिन्यांनी मला एखादी गोष्ट अशी लागली होती. मॅडमना सांगितलं तर त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, "राग आला? छान!" दवाखान्यात रागाला छान म्हणणारी बाई मी पहिल्यांदा बघितली.

विचारांवर काम झालं ते थोडंच, पण ते माझ्या धंद्याच्या अंगानं झालं. मालक एका सकाळी न बोलता आत गेले, त्यावरून मी 'आता आपल्यावर भरवसा उरला नाही, दिवाळीला हिशोब करून काढून टाकतील' इथपर्यंत पोचलो होतो. मॅडम म्हणाल्या, "याची पावती कुठंय?" पावती नव्हती. उलट त्याच आठवड्यात तिजोरीची किल्ली माझ्याकडं देऊन मालक सोलापूरला गेले होते, त्याची नोंद माझ्याच वहीत होती. पहाटे तीनच्या विचारांना पावती मागायची ही सवय अजून आहे. विचार थांबत नाहीत, पण त्यांच्यावर सही करणं मी सोडलं.

एका बैठकीला बायकोला बोलावलं होतं. ती आधी गप्प होती. मग एकदम म्हणाली, "हे बोलतच नव्हते, मला वाटायचं माझ्यावरच राग धरून बसलेत. विचारलं तर म्हणायचे काही नाही. मग मी पण बोलायचं सोडलं." मॅडमनी तिला दोन गोष्टी सांगितल्या. 'हिंमत धरा, लोकांना किती दुःखं असतात बघा' हे म्हणायचं नाही. आणि रोज सकाळी फक्त विचारायचं, 'आज वहीत काय ठरलंय?' तिनं ते इतकं मनावर घेतलं की मला कधी कधी वैताग यायचा. पण शेतात जायचं ठरलं असलं की ती डबा बांधून चप्पल घालून तयार असायची, मग खाटेवर पडून राहणार कसं?

सगळं असं चढतच गेलं असं नाही. पोळ्याच्या आठवड्यात घसरलो. वडील असताना दारात बैलजोडी होती. खांदेमळणीला लोणी-हळद, दुसऱ्या दिवशी झूल, बाशिंग, मिरवणूक. वाटणीत जोडी विकली. यंदा बायकोनं मातीचे बैल पुजले आणि मी दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडलो. त्यात मुगाची आवक सुरू झालेली, लातूरला जाणं जमलं नाही. मॅडमनी फोनवरच बैठक घेतली. गुण परत चौदावर गेले होते. त्यांनी समजूत काढली नाही. "पोळा पुढच्या वर्षी पण येणार आहे. त्या दिवशी काय करायचं ते आत्ताच ठरवू," म्हणाल्या. ठरलं ते असं: भावाकडं अजून एक बैलजोडी आहे, तिथं जायचं. वाटणीपासून आमचं बोलणं नव्हतं. मग तोच प्रश्न कागदावर मांडला. काय काय करता येईल, प्रत्येकात खर्च किती, आधी कुठलं. फवारणीचं औषध त्याच्याकडं ठेवायला बायको गेली होती तेव्हा त्यानं कारण विचारलं नव्हतं, मुकाट्यानं ठेवून घेतलं होतं. तिथून सुरुवात करायची असं ठरलं. मी त्याला फोन केला आणि पावसाचं बोललो. पुढच्या आठवड्यात खताचं बोललो. अजून आमची गाडी खताच्या पुढं फारशी सरकलेली नाही.

शेवटच्या बैठकीला गुण 6. त्या दिवशी नवं काही शिकवलं नाही. घसरण सुरू झाली तर ती माझ्यात आधी कुठं दिसते, ते मी आणि बायकोनं मिळून लिहिलं. तिनं लिहिलं, "भाजीत मीठ कमी-जास्त झालं तरी हे काही म्हणत नाहीत." मला हे माहीतच नव्हतं. त्याखाली काय करायचं त्याचा क्रम: वही परत सुरू, हरिपाठ चुकवायचा नाही, दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर ओपीडी. झोप अजून पहाटे मोडते, पण तीनऐवजी पाचला, आणि पाचला उठणं आमच्याकडं आजारात धरत नाहीत.

तो खरेदीदाराचा माणूस नंतर मोंढ्यात भेटला तेव्हा आम्ही एकमेकांकडं बघितलं. त्याला चार बैठकांत काहीच उतार पडला नाही, गोळी सुरू केली, दोन्ही मिळून आता बरं आहे म्हणाला. गोळी घेतली म्हणून तो कमी आणि मी न घेता निभावलं म्हणून मी शूर, असं त्यात काही नाही. त्याचा आजार जुना होता, मधे दारूही होती. मला गोळी लागली असती तर मीही घेतली असती, सौदाच तसा झाला होता.

राग एकाच गोष्टीचा येतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं 2015-16 मध्ये देशभर पाहणी केली, तिच्यात वीस माणसांत एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येतं आणि त्यातल्या पंच्याऐंशी टक्क्यांपर्यंत लोकांना उपचारच मिळत नाहीत असं निघालं. शेतकरी आत्महत्यांमुळं 2015 पासून आमच्या मराठवाड्यातल्या जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी सरकारचा प्रेरणा प्रकल्प आहे, कागद भरून घेणाऱ्या आशाताई आहेत. कागदावर गुण येतात, पण त्यापुढच्या आठ बैठका घ्यायला माणूस कुठं आहे? गोव्यात दाखवून दिलं की त्याला मोठी डिग्री लागत नाही, शिकवलेला माणूस आणि त्याच्यावर देखरेख लागते. मी ज्या दवाखान्यात गेलो तिथं हे काम एकाच मॅडमवर होतं, नेमणूक अकरा महिन्यांच्या करारावर. करार संपला, त्या दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या. त्यांच्या जागी आलेले सर दुसऱ्या एका दवाखान्याचंही काम बघतात, त्यामुळं बैठकांची खोली आठवड्यातून एकच दिवस उघडते. परवा चौकशी केली तेव्हा कळलं, मंगळवार. जाणाऱ्यांनी सकाळी दहाच्या आत केसपेपर काढावा, नंतर आलेल्यांना पुढच्या मंगळवारची चिठ्ठी देतात. आणि आत गेल्यावर बैठका किती ते आधी विचारून घ्या, म्हणजे मालकाकडं सुट्टी मागायला बरं पडतं.